खुनी कोण हे कळल्यानंतर

रहस्यपट एकदाच पाहायचा असतो, हा समज इतका रुळला आहे की तो तपासून पाहावा असे कोणाला वाटतच नाही. खुनी कोण हे कळले की सगळे संपले. मग अशा चित्रपटाची कॅसेट, डीव्हीडी किंवा ब्लू-रे विकत आणून घरात ठेवणे म्हणजे सोडवून झालेले शब्दकोडे चौकटीत घालून भिंतीवर टांगण्यासारखे. गाण्यांचा चित्रपट पुन्हा पाहता येतो, विनोदी पाहता येतो. खुनाचा कशाला पाहायचा? जुना रहस्यपट घरगुती व्हिडिओवर आला की त्याच्याकडे आठवणींचा व्यापार म्हणून पाहिले जाते, ते याच समजामुळे.

हा समज उथळ आहे. रहस्यपटाची खरी परीक्षा घरीच होते. थिएटरात तो प्रेक्षकाला चकवतो. चकवताना तो सचोटीने वागला की नाही, हे ठरवण्याचे साधन सामान्य प्रेक्षकाच्या हाती दिले ते व्हिडिओने. या दाव्याचा सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे १९८५ सालचा ‘क्लू’. थिएटरात हा चित्रपट अपुरा होता आणि पुरा झाला तो कॅसेटवर. पुढे त्याच्या शेवटांची उघड चर्चा आहे. गुपित फुटले तरी चित्रपट उरतो, हेच दाखवायचे असल्याने त्याला इलाज नाही.

१. गुपित पाळण्याचा नियम आला कोठून?

रहस्य फोडू नये हा नियम कलेचा म्हणून सांगितला जातो. त्याचा इतिहास पाहिला तर तो बराचसा तिकीटबारीचा आहे. आंरी-जॉर्ज क्लूझो यांच्या १९५५ सालच्या ‘ले दियाबोलिक’मध्ये शेवट मित्रांना सांगू नका, अशी विनंती पडद्यावर येते. बिली वाइल्डर यांच्या १९५७ सालच्या ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’मध्ये तीच विनंती निवेदकाच्या आवाजात ऐकू येते. १९६० साली ‘सायको’ लागला तेव्हा चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही, असा दंडक हिचकॉक यांनी घातला आणि त्या दंडकाचीच जाहिरात केली. लंडनमध्ये १९५२ पासून चालत आलेल्या अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द माउसट्रॅप’ या नाटकातही प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना गुपित राखण्याची गळ घातली जाते.

यात गैर काही नाही. थिएटर दर खेळाला नवे तिकीट विकते. आजच्या प्रेक्षकाने बाहेर जाऊन तोंड उघडले, तर उद्याच्या प्रेक्षकाची उत्सुकता कमी होईल, ही भीती रास्त आहे. घोटाळा पुढे झाला. उद्याचे तिकीट खपावे म्हणून केलेली विनंती हळूहळू या चित्रप्रकाराची व्याख्याच होऊन बसली. गुपित म्हणजेच रहस्यपट, आणि गुपित फुटले की रहस्यपट मेला, असा हिशेब रूढ झाला. तिकीटबारीची सोय आणि कलाकृतीचा जीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात विसरले गेले.

२. वाचकाला पाने होती, प्रेक्षकाला नव्हती

गुप्तहेरकथेच्या लेखकांना हा फरक फार आधी कळला होता. अमेरिकेत एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ साली अशा कथांसाठी वीस नियम मांडले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने दहा आज्ञा लिहिल्या. १९३० साली लंडनमध्ये ‘डिटेक्शन क्लब’ उभा राहिला. ख्रिस्ती आणि डॉरोथी सेयर्स त्याच्या सदस्य होत्या, आणि वाचकापासून महत्त्वाचा दुवा लपवणार नाही, अशी शपथ तिथे घेतली जात असे. या सगळ्यामागचे तत्त्व एकच. वाचकाला चकवा, पण फसवू नका. उत्तर कळल्यावर त्याने मागे वळून पाहिले, तर प्रत्येक दुवा त्याच्या डोळ्यांसमोर होता, हे त्याला पटले पाहिजे.

‘मागे वळून पाहिले तर’ ही अट महत्त्वाची आहे. पुस्तकाच्या वाचकाला ती सहज पाळता येते. शेवटचे प्रकरण संपवून तो चाळिसाव्या पानावर परत जाऊ शकतो आणि लेखकाची लबाडी किंवा हुशारी पुराव्यानिशी पकडू शकतो. थिएटरातल्या प्रेक्षकापुढून चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींच्या वेगाने निघून जातो. मागचे दृश्य खरेच तसे होते का, हे पाहायला त्याने दुसरे तिकीट काढले, तरी नेमक्या क्षणी थांबणे त्याच्या हाती नसते.

त्यामुळे दिग्दर्शकावर वचक कमी राहिला. हिचकॉक यांच्या १९५० सालच्या ‘स्टेज फ्राइट’मध्ये सुरुवातीला दाखवलेली पूर्वस्मृतीच खोटी निघते. ती फसवणूक एवढी ढळढळीत होती की थिएटरात बसल्या बसल्या लोकांच्या लक्षात आली. ती आपण करायला नको होती, असे हिचकॉक यांनी पुढे फ्रान्स्वा त्र्युफो यांच्याशी झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत मान्यही केले. लहानसहान लबाड्या मात्र खपून जात. बारकाईने तपासणारा प्रेक्षक अजून जन्मायचा होता.

तो जन्मला सत्तरच्या दशकात. घरगुती व्हिडिओ रेकॉर्डरांपैकी सोनीचे बीटामॅक्स १९७५ साली आले आणि जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ साली. टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी टेप करणे हा स्वामित्वहक्काचा भंग नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत ‘क्लू’ आला.

३. एकच चित्रपट, तीन खुनी

‘क्लू’चे मूळ एका बैठ्या खेळात आहे. बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा खेळ रचला आणि त्यांच्या पत्नी एल्व्हा यांनी त्याचा पट आखायला मदत केली. वॉडिंग्टन्स कंपनीने तो १९४९ साली ‘क्लूडो’ या नावाने बाजारात आणला. अमेरिकेत पार्कर ब्रदर्सने त्याला ‘क्लू’ म्हटले. खेळात सहा संशयित, सहा हत्यारे आणि नऊ खोल्या असतात. प्रत्येकातला एकेक पत्ता न बघता पाकिटात घालायचा आणि पाकिटात काय आहे ते तर्काने ओळखायचे. सहा गुणिले सहा गुणिले नऊ म्हणजे ३२४ उत्तरे शक्य आहेत. पट तोच, सोंगट्या त्याच, पण दर डावाला खुनी बदलू शकतो.

जोनाथन लिन यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला चित्रपट १३ डिसेंबर १९८५ रोजी पॅरामाउंटने प्रदर्शित केला. कथा १९५४ सालच्या न्यू इंग्लंडमधल्या एका वाड्यात घडते. ब्लॅकमेलिंगला बळी पडलेली सहा माणसे टोपणनावांनी तिथे जमतात. टिम करी यांचा बटलर वॉड्सवर्थ त्यांचे स्वागत करतो आणि रात्रभरात सहा मुडदे पडतात. मेणबत्तीदान, खंजीर, पाना, दोर, शिशाचा पाइप आणि पिस्तूल, अशी खेळातली सहाही हत्यारे कामी येतात.

निर्मात्यांनी तीन वेगवेगळे शेवट चित्रित करून घेतले आणि कोणत्या थिएटरात कोणता लावायचा ते वाटून दिले. वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत थिएटरच्या नावापुढे ए, बी किंवा सी छापलेले असे. पहिल्या शेवटात पाहुण्यांपैकी मिस स्कार्लेट ही सूत्रधार आणि मोलकरीण इव्हेट तिचा हात. दुसऱ्यात सगळे खून मिसेस पीकॉकने केलेले. तिसऱ्यात जवळजवळ प्रत्येक पाहुण्याच्या हाताला रक्त लागलेले आणि बटलर भलताच कोणीतरी. चौथाही शेवट चित्रित झाला होता, तो वगळला.

लोकांनी तिन्ही शेवट पाहायला तीनदा तिकीट काढावे, हा हेतू उघड होता. लोकांनी तो हाणून पाडला. सुमारे दीड कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने अमेरिकेत तेवढीही तिकिटे विकली नाहीत. समीक्षक रॉजर एबर्ट यांनी त्याला चारपैकी दोन तारे दिले. कोणता शेवट पाहायचा हेच कळेना म्हणून पुष्कळांनी एकही पाहिला नाही, असे अपयशाचे एक कारण सांगितले जाते.

कारण त्याहून खोल आहे. या खेळाची गंमत पुन्हा डाव मांडण्यात आहे. थिएटरने प्रेक्षकाला एकच डाव खेळू दिला आणि पाकीट उघडून घरी पाठवले. एकच शेवट पाहिलेल्याला तो शेवट मनमानी वाटणार, कारण त्याच दृश्यांतून दुसरे उत्तरही निघू शकते ही चित्रपटाची मुख्य करामत त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही. पार्कर ब्रदर्सने त्याच वर्षी ‘क्लू’चा एक व्हीसीआर खेळही काढला होता. त्यात टीव्हीवर दृश्ये पाहायची आणि ती तपासत खेळायचे. खेळणी विकणाऱ्या कंपनीला जे सुचले, ते चित्रपट कंपनीच्या वितरकांना सुचले नाही.

४. कॅसेटने काय जोडले आणि काय बिघडवले

कॅसेट आली तेव्हा तिन्ही शेवट एकापाठोपाठ जोडलेले होते. पहिला संपला की पडद्यावर पाटी येते, की असेही घडले असू शकेल. मग दुसरा. मग तिसऱ्याच्या आधी, खरे काय घडले ते आता पाहा. मूळ चित्रपटात नसलेली ही रचना घरगुती व्हिडिओने घडवली, आणि आज जगभर ‘क्लू’ म्हणून जो ओळखला जातो तो हाच.

या जोडणीने तपासाची दारे उघडली. जेवणाच्या टेबलावर माकडाच्या मेंदूची पाककृती वाढली जाते आणि मिसेस पीकॉक म्हणते की ही तर माझ्या आवडीची. पहिल्यांदा पाहताना हा निव्वळ विनोद वाटतो. दुसऱ्या शेवटात वॉड्सवर्थ तेच वाक्य पुरावा म्हणून काढतो. हा पदार्थ वॉशिंग्टनमध्ये सहसा मिळत नाही, मग मेलेली स्वयंपाकीण आधी कोणाकडे कामाला होती? दुवा आधीपासून समोर होता. कॅसेट मागे घ्या, तो तिथे आहे. पहिल्या शेवटात पिस्तुलात गोळी उरली आहे की नाही यावर वॉड्सवर्थ आणि स्कार्लेट बेरीज करत भांडतात. थिएटरात हा वेगवान संवादांचा गोंधळ होता. घरी प्रेक्षक कागद घेऊन सुरुवातीपासूनचे बार मोजू शकतो. तिसरा शेवट पाहिल्यावर हत्यांचे हेतू एकेका पाहुण्याशी कसे जुळतात, हे यादी करून तपासता येते.

पण कॅसेटने एक नुकसानही केले. थिएटरात तिन्ही शेवट समान होते, तिथे उजवेडावे नव्हते. ‘खरे काय घडले’ या पाटीने तिसऱ्याला सत्याचा मान दिला आणि बाकीचे दोन शक्यता म्हणून खाली उतरले. मूळ खेळात असा भेद नाही. पाकिटातले प्रत्येक उत्तर त्या डावापुरते खरेच असते. डीव्हीडीवर हा दोष काहीसा भरून निघाला. तिन्ही शेवट सलग पाहण्याचा किंवा यंत्राने आपणहून निवडलेला एकच शेवट पाहण्याचा पर्याय तिथे मिळतो. १९८५ साली थिएटरांना जे साधायचे होते ते या दुसऱ्या पर्यायाने घरच्या सोफ्यावर आणि एकाच खर्चात साधले.

५. दुसऱ्यांदा पाहणे म्हणजे काय पाहणे

‘क्लू’ हा मुद्दाम रचलेला खेळ आहे, त्यावरून सगळ्या रहस्यपटांचा न्याय कसा करायचा, असे कोणी विचारेल. म्हणून दोन वेगळ्या प्रकृतीची उदाहरणे घ्यावी लागतात.

दारिओ आर्जेंतो यांचा ‘प्रोफोन्दो रोस्सो’ हा १९७५ सालचा इटालियन चित्रपट. एका बाईचा खून होतो आणि तिला वाचवायला धावत आलेला पियानोवादक चित्रांनी भरलेल्या बोळातून जातो. नंतर त्याला सतत वाटत राहते की त्या भिंतीवर पाहिलेले काहीतरी आता नाही. शेवटी उलगडा होतो की ते चित्र नव्हते. आरशात पडलेले खुन्याचे प्रतिबिंब होते. आणि तो चेहरा सुरुवातीच्या दृश्यात खरोखर आहे, क्षणभर, कॅमेऱ्यासमोर, प्रेक्षकासमोर. आर्जेंतो यांनी डाव पूर्ण सचोटीने मांडला होता. पण ही सचोटी सिद्ध करण्याची सोय १९७५ च्या थिएटरात नव्हती. प्रेक्षकाला दिग्दर्शकाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागे. आज चित्र थांबवले की चेहरा दिसतो.

दुसरे उदाहरण सिडनी लुमेट यांच्या १९७४ सालच्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’चे. गुप्तहेर प्वारो प्रवाशांची चौकशी करतो तेव्हाची काही दृश्ये उलगड्याच्या वेळी पुन्हा दिसतात. ही दृश्ये लुमेट यांनी दोनदा चित्रित केली. पहिल्यांदा साध्या भिंगांनी, दुसऱ्यांदा अतिशय रुंद कोनाच्या भिंगाने. त्यामुळे तेच चेहरे आणि तेच शब्द उलगड्यात किंचित विद्रूप आणि धमकावणारे वाटतात. सलग पाहणाऱ्याला काहीतरी बदलले आहे एवढेच जाणवते. काय बदलले ते कळायला दोन्ही दृश्ये लागोपाठ पाहावी लागतात, आणि ती सोय व्हिडिओची. इथे खुनी कोण हा प्रश्न कधीच मागे पडलेला असतो. संशय भिंगातून कसा तयार होतो, हे पाहण्याचा आनंद वेगळा आणि अधिक टिकाऊ आहे.

६. दोन ‘बिग स्लीप’

घरगुती व्हिडिओचे आणखी एक काम अभ्यासकांपुरते मानले जाते, पण त्याचा संबंध प्रत्येक प्रेक्षकाशी आहे. हॉवर्ड हॉक्स यांच्या ‘द बिग स्लीप’ची एक आवृत्ती १९४५ साली तयार होती आणि परदेशातल्या अमेरिकी सैनिकांना ती दाखवलीही गेली. नंतर लॉरेन बकॉल आणि हंफ्री बोगार्ट यांच्या जोडीचे आकर्षण वाढवण्यासाठी नवी दृश्ये चित्रित झाली आणि १९४६ साली वेगळाच चित्रपट प्रदर्शित झाला. नव्या दृश्यांना जागा करून देताना कापले गेले ते नेमके तपासाची संगती लावणारे दृश्य.

या चित्रपटाचे कथानक समजत नाही, शोफरला कोणी मारले हे मूळ कादंबरीकार रेमंड चँडलर यांनाही सांगता आले नाही, असे किस्से सांगून तो गोंधळ ही हॉलिवूडची दंतकथा झाली. २००० साली दोन्ही आवृत्त्या एकाच डीव्हीडीवर आल्या आणि त्या दंतकथेचा बराचसा भाग जमिनीवर आला. गोंधळाचा काही अंश प्रतिभेचा होता आणि काही अंश कात्रीचा. १९४५ ची आवृत्ती अधिक स्पष्ट आहे, १९४६ ची अधिक मोहक. रहस्यपटात स्पष्टता आणि मोह यांची ओढाताण कशी चालते, हे या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहिल्यावर जेवढे कळते, तेवढे एकीवरून कळत नाही.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की पहिल्यांदा न कळता पाहण्याचा थरार पुन्हा मिळत नाही आणि तो हिरावून घेणे चूकच. हे मान्य आहे. अजून न पाहिलेल्याला शेवट सांगणे हा उद्धटपणाच आहे. पण पहिला थरार एकदाच मिळतो, एवढ्यावरून बाकी काही उरत नाही असे सिद्ध होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतले जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ साली बारा कथांवर प्रयोग करून दाखवले होते की शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना कथा कमी आवडल्या नाहीत, उलट अधिक आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांचे निष्कर्ष याच्या विरुद्ध गेले. म्हणून या लेखाचा भार त्या प्रयोगावर नाही. आधी कळून पाहणे चांगले की वाईट हा वाद चालू राहो. इथला मुद्दा नंतर पुन्हा पाहण्याचा आहे.

मराठी प्रेक्षकाला तर याचा पुरावा लांब शोधायला नको. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४ साली आला आणि दोनच वर्षांनी राज खोसला यांनी त्याच कथेवर ‘मेरा साया’ केला. ज्यांनी पहिला पाहिला होता त्यांना दुसऱ्याचे गुपित तिकीट काढतानाच ठाऊक होते. अशा प्रेक्षकासाठी ‘मेरा साया’ आधीच मेलेला असायला हवा होता. तसे कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चित्रपट अंधारात, अनोळखी माणसांसोबत, न थांबता पाहण्यासाठी बनतो. बटण दाबत, चित्र गोठवत पाहणारा माणूस हा प्रेक्षक राहत नाही, तो लेखापरीक्षक होतो. ‘क्लू’सारख्या विनोदी चित्रपटाला तर हसणाऱ्या गर्दीची गरजच असते. हेही खरे, पण पहिल्या पाहण्यापुरते. पहिल्यांदा बटणाला हात लावू नये. दुसऱ्यांदा लावला तर चित्रपटाचे काही बिघडत नाही, कारण गुप्तहेरकथा मुळातच वाचकाला परीक्षक होण्याचे आवाहन करते. ज्या प्रकाराने सचोटीची शपथ घेतली, त्याने तपासणीला हरकत घेऊ नये.

तिसरा आक्षेप काळाचा. आता सगळे ऑनलाइन आहे, चकत्यांची गरज काय? थांबवण्याची आणि मागे नेण्याची सोय ऑनलाइनही आहे, हे बरोबर. पण ऑनलाइन सेवा सहसा एकच आवृत्ती देते, कोणती द्यायची ते तीच ठरवते आणि करार संपला की चित्रपट काढून टाकते. एका चकतीवर दोन ‘बिग स्लीप’ किंवा शेवट निवडता येणारा ‘क्लू’ ही रचना कोणीतरी विचार करून केलेली असते. घराघरांतल्या चकत्यांवर शिल्लक असलेला पुरावा कोणाला परस्पर बदलता येत नाही.

निवाडा

आता ‘क्लू’चाच निकाल लावायचा तर तो तिन्ही शेवटांचा वेगवेगळा लावावा लागतो. हशा सर्वांत जास्त तिसऱ्यात आहे आणि हेतूंचा हिशेबही तिथेच सर्वांत भरगच्च आहे. पण दुव्याच्या सचोटीवर दुसरा शेवट सरस ठरतो, कारण त्याचा पुरावा जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत मांडलेला होता. तिसऱ्याला ‘खरा’ म्हणणारी पाटी ही संकलकांची सोय आहे, ती मानण्याचे बंधन प्रेक्षकावर नाही.

रहस्यपटांच्या नव्या आवृत्त्यांची परीक्षणे लिहिणाऱ्यांनीही चित्र किती स्वच्छ झाले यावर न थांबता पुढचे तीन प्रश्न विचारावेत. कोणत्या आवृत्त्या दिल्या आहेत? वगळलेले काय पाहायला मिळते? आणि उत्तर ठाऊक असताना पाहिले तर दुवे जागच्या जागी सापडतात का? ज्याच्याकडे ‘क्लू’ची चकती आहे, त्याने तिन्ही शेवट एका दमात पाहण्याआधी एकच शेवट निवडून चित्रपट पाहावा, मग सुरुवातीपासून पुन्हा लावावा आणि या खेपेला रिमोट हाताशी ठेवावा.